रुखवतातली खुर्ची

‘‘ही तिवई बघ कशी उभी हाय,’’ आई म्हणाली. ‘‘दोन पाय घट्ट रोवल्यात आणि तिसरा आपला मागं मागं. नवी नवरीच जणू.’’

चित्राचा कागद अजून ओला होता. भाकरी झेलावी तसा तो तिनं दोन्ही तळव्यांवर झेलला होता आणि उजेडाकडं तिरका धरून ती बघत होती. खरी तिवई तिच्यापासून हातभर अंतरावर, पडवीत उभी होती.

‘‘अगं, खरी तिथं तुझ्या नाकासमोर हाय,’’ आबा रंधा न थांबवता म्हणाले. ‘‘तिला कधी बघितली न्हाईस ती!’’

‘‘तिला काय बघायचं? सकाळपासनं दोनदा अंगठा फोडलाय तिनं माझा.’’

‘‘आणि कागदावरची?’’

‘‘ती शहाणी हाय. वाटेत येत न्हाई.’’

मी हसत ब्रश धुतला. त्या वर्षी मी लग्नाची झाले होते. आजऱ्याच्या पेठेमागच्या गल्लीत आमचं घर. आबा, म्हणजे केदारी सुतार, गावाला पाट, पोळपाट, हंडे ठेवायच्या घडवंच्या, बाजली करून द्यायचे, शाळेला बाकं, देवळाला चौरंग. नक्षी त्यांच्या हाताला ठाऊक नव्हती. सरळ फळी, सरळ पाय आणि सांधा असा, की आत केस शिरू नये. पण त्यांच्या हातची एकही वस्तू आमच्या घरात राहिली नाही. आज जोडली, उद्या गिऱ्हाईक डोक्यावर घेऊन गेलं. घरात त्यांचं काम म्हणावं तर एक दाराची चौकट तेवढी. आई चुलीपुढं खाली बसायची, निवडायला खाली, जेवायला खाली. उठताना गुडघे कुरकुरले की ती त्या चौकटीला धरायची. तिच्या हातानं चौकटीचा तेवढा भाग आरशासारखा गुळगुळीत झाला होता.

तांदूळ निवडताना ती गुणगुणायची :

रंध्याची गं फुलं माझ्या दारात सांडती
सागाच्या गं फळ्या बाई दुसऱ्या घरी नांदती

‘‘हा मला टोमणा हाय,’’ आबा बाहेरून म्हणायचे.

‘‘तुम्हाला कुठला? फळ्यांना हाय.’’

शाळेत चित्रकलेच्या परीक्षेत मला रंगाच्या वड्यांची पेटी बक्षीस मिळाली होती. बाकीच्या मुली डोंगर, नारळ, होडी काढायच्या. मी काढणार काय? घरात जे उभं असेल ते. वस्तू जाण्याच्या आदल्या दिवशी मी तिच्यापुढं मांडी घालून बसायचे. आधी नुसता चाळा होता. मग हळूहळू दिसू लागलं, की घडवंचीच्या पायांमधला अंधार काळा नसतो, निळा असतो. बाजल्याच्या सुंभातून खाली पडलेला उजेड कोळ्याच्या जाळ्यासारखा थरथरतो. साधा पाट, पण त्याच्या कडेवर पटाशीची धार जरा जास्त लागलेली असते, आणि तिथंच ऊन येऊन थांबतं. पाणी जास्त, रंग कमी. लाकडाचा जडपणा कागदावर उतरायचाच नाही. सगळं हलकं, नुकतं अंघोळ करून आल्यासारखं.

आईनं जन्मभर त्या वस्तू पाहिल्या होत्या त्या पिठात पडलेला भुसा म्हणून, तळव्यात गेलेलं कुसळ म्हणून, सरसाचा वास म्हणून. कागदावर ती त्यांना पहिल्यांदा भेटली.

दुपारी काम आटोपलं की ती चित्रं जमिनीवर मांडायची आणि एकेकीची विचारपूस करायची. ‘‘तू तेल्याच्या आळीतली ना? बरी हायस? हंडे लई जड ठेवत न्हाईत न्हवं?’’ मग बाकांच्या चित्राकडं वळायची. ‘‘पोरांनी अंगावर नावं कोरली असतील गं तुमच्या.’’ माहेराला आलेल्या लेकींशी बोलावं तसं. मी तिला हसायचे, पण चित्र काढताना आता मलाही वाटू लागलं होतं, की ही वस्तू सासरी निघाली आहे, आणि हा तिचा शेवटचा दिवस आहे घरातला.

अशाच एका दुपारी ती म्हणाली, ‘‘शालन, मला एक खुर्ची काढ.’’

‘‘कुठली? आबांनी कुठं खुर्ची केलीय?’’

‘‘न्हाई केली म्हणून तर.’’

तिनं डोळे मिटले आणि ती सांगू लागली. कधीपासून तिच्या मनात होतं कोण जाणे, कुठं अडखळली नाही. ‘‘बैठक जरा बुटकी. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, कचेरीतल्यासारखं लोंबकळत बसायचं न्हाई. हात रुंद. उठताना दोन्ही तळवे रेटून उठता आलं पाहिजे. आणि पाठ अशी, किंचित मागं. कुणीतरी ‘टेक जरा’ म्हणल्यासारखी.’’

‘‘रंग?’’

‘‘फणसाच्या लाकडाचा. हळदीचा दिवस असतोय तसला.’’

मी काढली. पिवळा रंग इतका पातळ केला, की कागदच आतून उजळल्यासारखा दिसला. खाली निळसर सावली सोडली, बैठकीच्या मध्यावर एक ओला हात फिरवला, तिथं रंग आपोआप जरा गडद होऊन साचला. चित्र वाळलं. आईनं नुसतं बोट धरलं, कागदापासून वर, आणि खुर्चीच्या हातावरून हवेतल्या हवेत फिरवलं.

‘‘आवडली नाही का?’’

‘‘गप ए,’’ ती म्हणाली. ‘‘बसलीया मी.’’

आबा हात झटकत आत आले. चित्र उचलून त्यांनी डोळ्यांपुढं धरलं. ‘‘हा मागचा पाय असा न्हाई राहायचा उभा. म्हातारी बसली की पालथी.’’

‘‘म्हातारी कुणाला म्हणताय?’’

‘‘बसंल तिला. आणि हात एवढे रुंद? त्यावर काय ताट ठेवायचंय?’’

‘‘तळवे ठेवायचेत,’’ आई म्हणाली.

आबांनी चित्रावरून नजर काढली आणि तिच्या हातांकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची फणसाची फळी खाली आली. कुणा मोठ्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी ती राखून ठेवली होती, तिला हात लावला तरी ते ओरडायचे. तीच त्यांनी पडवीत आडवी टाकली आणि माझं चित्र भिंतीला लावलं.

तोवर माझं लग्न ठरलं होतं. गडहिंग्लजचे लोक. तेही सुतारच, पण हत्यार सोडून दोन पिढ्या झालेल्या. मुलगा, दिनकर, कचेरीत कारकून. घरात फराळाचं, साड्यांचं, पाहुण्यांचं तुंबळ चाललेलं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध आबा भिंतीवरच्या कागदाकडं बघून लाकूड तासत होते. हे मी कधी पाहिलं नव्हतं. ते लाकडाला विचारून काम करायचे, कागदाला नव्हे. एकदा मला हाक मारून म्हणाले, ‘‘हिथं बैठकीत तू सावली काढलीयास. म्हणजे हिथं खोलगट पाहिजे?’’

ती सावली म्हणजे साचलेलं पाणी होतं. पण मी म्हटलं, ‘‘हो, असू दे की.’’

त्यांनी फळी कोरून खोलगट केली. साचलेल्या पाण्याची अशी आईला बसायला जागा झाली.

खुर्ची उभी राहिली त्या दिवशी आईनं तिला हळदकुंकू वाहिलं. पिवळ्याधमक लाकडावर हळद दिसलीसुद्धा नाही.

‘‘बस की आता,’’ आबा म्हणाले. ते बाजूला असे उभे होते, जणू त्यांचा काही संबंधच नाही.

‘‘आत्ता? घरात लगीन, हाताला पीठ. नव्या खुर्चीत पयल्यांदा बसायचं ते निवांत बसायचं. घाईत टेकलं तर जन्मभर घाईच मागं लागती.’’ तिनं आपलं जुनं लुगडं खुर्चीवर पांघरलं. ‘‘लेक सासरी निघाली की बसीन. मग मला दुसरं काय काम हाय?’’

लग्न शाळेच्या पटांगणात होतं. रुखवत मांडायचं काम सदामामाकडं. आईचा हा धाकटा भाऊ, उत्साही इतका की ताशा वाजला की याचे पाय आधी हलायचे. त्यानं आबांचे पाट, चौरंग, पोळपाट ओळीनं मांडले, चिरोट्यांचे, लाडवांचे डोंगर रचले आणि मागच्या पडद्याला माझी चित्रं टाचली. तिवई, घडवंची, बाजलं, आणि सगळ्यांच्या मधे पिवळी खुर्ची. लांब उभं राहून त्यानं बघितलं आणि त्याला कल्पना सुचली. घरी जाऊन तो खरी खुर्चीच डोक्यावर घेऊन आला आणि चित्राखाली ठेवली.

मी शेजारच्या वर्गात मुंडावळ्या बांधून बसले होते. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. आई कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि थबकली.

‘‘सदा, ही हिथं कशाला?’’

‘‘शोभा गं अक्का! चित्र आणि वस्तू, जोडीनं. गाव बघत ऱ्हायला पाहिजे.’’

‘‘आत्ताच्या आत्ता घरी ने.’’

‘‘नेतो की. बघून होऊ दे, लगेच नेतो.’’

‘‘सदा, मांडलेलं रुखवत हाय हे.’’

‘‘अगं, नेतो म्हटलं न्हवं?’’

तेवढ्यात ताशा मांडवाच्या दारात आला आणि वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला आत शिरल्या.

पुढं माझी होणारी सासू, तिच्या मागं नणंदा, चुलत्या, आणि सगळ्यांच्या मागं दिनकरचे थोरले काका, जरीचा फेटा बांधलेले. बायकांची थट्टा सुरू झाली. ‘‘लाडू रव्याचे की चिऱ्याचे हो?’’ ‘‘खाऊन बघा, दात असतील तर!’’ थोरले काका मात्र लाडवांपाशी थांबले नाहीत. ते थेट खुर्चीपाशी आले. एकदा चित्राकडं पाहिलं, एकदा खुर्चीकडं. मग वाकून त्यांनी हातावरून, पाठीवरून, सांध्यावरून तळवा फिरवला.

‘‘हे कुणी केलं?’’

‘‘मी,’’ आबा म्हणाले. ते खांबाआड होते, जरा पुढं आले.

‘‘केदारीराव,’’ काका मोठ्यानं म्हणाले, ‘‘उभ्या गडहिंग्लजात असला हात नाही. ऐकलंत का रे? या, बघा इकडं. ही खुर्ची नाही, हे सिंहासन आहे.’’

माणसं वळली. गोळा झाली. आबांना गावानं आजवर ‘केदारी’ म्हटलं होतं, ‘ए मिस्तरी’ म्हटलं होतं. ‘राव’ कुणी लावलं नव्हतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, उगीच झटकली आणि पुन्हा घातली.

‘‘आणि केलीत कुणासाठी?’’ काकांनी विचारलं.

आबांची नजर आईकडं गेली. गेली होती, मी पाहिलं. ती करंडा घेऊन तिथंच उभी होती, चार पावलांवर. मग ती नजर तिथून निघाली आणि जरीच्या फेट्याकडं आली.

‘‘तुमच्याचसाठी की,’’ आबा म्हणाले. ‘‘इहीणबाईंना बसायला.’’

‘‘अगंबाई, मला कशाला एवढं!’’ सासूबाई लाजल्या. खरंच लाजल्या. पण बायकांनी त्यांना दोन्ही खांद्यांना धरून मागं ढकललं, ‘‘बस गं, बस, व्याह्यांनी मान दिलाय,’’ आणि त्या बसल्या. पाय जमिनीला टेकले. तळवे रुंद हातांवर आले. पाठ मागं टेकली.

‘‘माझ्या मापानं केल्यासारखी आहे की!’’ त्या म्हणाल्या.

सगळे हसले आणि मग सगळे बाजूला झाले, कारण आता विहिणीनं विहिणीला कुंकू लावायचं होतं. आई पुढं झाली. खुर्ची बुटकी होती, म्हणून तिला वाकावं लागलं, गुडघ्याला हात देऊन. तिनं हळद लावली, कुंकू लावलं, ओटी भरली. मग चालीप्रमाणं जे म्हणायचं असतं ते म्हणाली, ‘‘गोड मानून घ्या.’’

सदामामा तिच्या कानाशी आला. ‘‘अक्का, मी सांगू का त्यांना?’’

‘‘काय सांगशील?’’ आई करंड्याचं झाकण लावत म्हणाली. ‘‘मांडलेलं रुखवत कुणी माघारी नेतंय व्हय?’’

निघताना सामान भरताना सासूबाई चित्रांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘चित्रं राहू देत बाई इथंच. आमच्या नव्या भिंतींना खिळे नकोत.’’ सदामामानं ती उतरवून आईच्या हातात दिली. खुर्ची टेम्पोत चढली, हंड्यांच्या वर, उलटी, चारी पाय आभाळाकडं करून. टेम्पो हलला तेव्हा आई माझ्याकडं बघत होती. माझ्याचकडं, असं मी इतकी वर्षं धरून चालले आहे.

सासरी ती खुर्ची सोप्यात, खिडकीपाशी आली. सासूबाई तीत बसून वाती वळायच्या, भाजी निवडायच्या, दुपारी डुलकी काढायच्या. मी दिनकरला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ‘‘रुखवताची वस्तू परत करायची? आई काय म्हणेल, काका काय म्हणतील? तुझ्याच वडलांची मान खाली जाईल. आणि ते तर कारागीर माणूस, दुसरी करतील की.’’

दुसरी. हे सगळे म्हणत होते.

एकदा मी सासूबाईंनाच सांगायचं ठरवलं. त्या खोबरेल तेलाच्या बोळ्यानं खुर्चीचे हात पुसत होत्या. मी म्हटलं, ‘‘आई, ह्या खुर्चीचं एक सांगायचं होतं.’’

‘‘मला माहीत आहे,’’ त्या म्हणाल्या. मी दचकले. त्या पुसतच होत्या. ‘‘तुझ्या वडलांनी मला न पाहता माझ्यासाठी केली. खरं सांगू का शालन? ह्या घरात नांदायला आल्यापासून माझ्यासाठी म्हणून मुद्दाम कुणी काही केलं नव्हतं गं. लुगडंसुद्धा सगळ्यांच्यात मिळून एक.’’ मग त्यांनी वर पाहिलं. ‘‘काय सांगत होतीस?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हटलं. ‘‘उन्हात ठेवू नका. चिरते.’’

बाळंतपणं, बारशी झाली. मुलगा रांगायला लागला तेव्हा आई-आबा त्याला बघायला गडहिंग्लजला आले. थोरले काका ओसरीवर होते, त्यांनी ‘‘या केदारीराव!’’ म्हणत आबांना शेजारी बसवून घेतलं. आई आत आली. सासूबाई चटकन खुर्चीतून उठल्या.

‘‘बसा विहीणबाई. तुमच्याच घरची आहे.’’

‘‘न्हाई, तुम्ही बसा. मला खालीच बरं पडतं.’’

‘‘अहो, बसा हो, गुडघे दुखतात म्हणे तुमचे.’’

‘‘दुखत्यात. पण त्यांना सवय हाय.’’ आई भिंतीला टेकून खाली बसली आणि नातवाला मांडीवर घेतलं. सासूबाई जरा वेळ अवघडून उभ्या राहिल्या, मग पुन्हा खुर्चीत बसल्या. अशा त्या दोघी समोरासमोर, एक वर, एक खाली, पावसापाण्याचं, मिरचीच्या भावाचं बोलत राहिल्या. ओसरीवरून हे सगळं दिसत होतं. काका काहीतरी सांगत होते, आणि आबा त्यांच्याकडं बघत नव्हते.

माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आल्यावर आई हळूच म्हणाली, ‘‘लई काळवंडली की गं ती. रंग उतरला व्हय?’’

‘‘उतरला नाही, चढलाय. फणसाचं लाकूड मुरलं की गुळासारखं होतं.’’

‘‘माझ्याकडची हाय तशीच हाय,’’ ती म्हणाली. ‘‘पिवळीजरद.’’

निघताना ती खाली बसून नातवाच्या पायात चाळ बांधत होती. उठायच्या वेळी खुर्चीचा हात तिच्या खांद्याशीच होता, रुंद, तेल पिऊन तुकतुकीत. तिनं माझा दंड धरला आणि उठली.

त्यानंतर आबांनी दुसरी केली. दिवाळीला मी गेले तेव्हा पाहिली. साग विकत आणलेला. पाठीवर आंब्याची पानं आणि वेल. ज्या हातानं कधी नक्षी केली नव्हती, त्यानं म्हातारपणी शिकून काढलेली. पानं जरा जाडच झाली होती, एक वेल दुसऱ्यापेक्षा लांब, पण पॉलिश असं की तोंड दिसावं.

खुर्ची स्वयंपाकघरात होती. तीवर पाण्याचा तांब्याचा हंडा, हंड्यावर कळशी. पॉलिशवर पाण्याची पांढरी वर्तुळं उठली होती, एकात एक, आणि बैठकीच्या फटीतून थेंब गळत होते.

‘‘आई, खुर्चीवर हंडा?’’

‘‘मग कुठं ठेवू?’’

‘‘घडवंची करून देतील की आबा. ही तुला बसायला केलीय.’’

‘‘बसायचं काय, बसीन. पण कुणी मागितली म्हंजे?’’ आई विळीवर दोडका चिरत होती, तिचा हात थांबला नाही. ‘‘हंडा कसा, उचलला की झालं. माणूस उठवायला वेळ लागतोय. चारचौघांत बरं दिसत न्हाई.’’

बाहेर पडवीत रंधा चालू होता. तो थांबला. आई तशीच चिरत राहिली. बऱ्याच वेळानं रंधा पुन्हा सुरू झाला.

चित्र तिनं चुलीसमोर येणाऱ्या माजघराच्या भिंतीवर लावलं होतं, बसलं की डोक्याच्या थोडं वर येईल असं. काम झालं की ती त्याच्याखाली पाय पसरून, पाठ टेकून बसायची. मी तिच्या शेजारी टेकले तेव्हा वर न बघता म्हणाली, ‘‘हिच्यात बसलेली असते मी दिवसभर. कुणाच्या बापाला दिसत न्हाई.’’ आणि हसली. तरुणपणी हसायची तसं, तोंडाला पदर लावून.

आबा तिच्याशी बोलायचे, ती आबांशी बोलायची. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. जेवायला वाढायची, अंगाला तेल लावून द्यायची, बाजारातून काय आणायचं ते सांगायची. फक्त त्यांच्या कामाला ती पुन्हा कधी काही म्हणाली नाही. टोमणासुद्धा मारला नाही. मला एकदा आबा म्हणाले होते, ‘‘वाईट म्हण म्हणावं. पाय लंगडा केलाय म्हण, नक्षी भिकार हाय म्हण. काहीतरी म्हण.’’ मी आईला ते सांगितलं. ती म्हणाली, ‘‘त्यांचं काम बघणारी माणसं मोठी मोठी हायत. मी काय सांगू?’’

आई गेली ती अशीच एका सकाळी, चुलीपुढून उठता उठता. मी पोचले तेव्हा तिला अंगणात आणलेलं होतं.

दिवसपाणी झालं. पाहुणे पांगले. सदामामाही डोळे पुसत गेला. दुपारी घरात मी आणि आबा दोघंच उरलो. त्यांचे हात आता थरथरायचे, हत्यारं केव्हाच पेटीत गेली होती. ते भिंतीपाशी गेले, खिळ्यावरून चित्र उतरवलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

‘‘शालन, हिला बसव की ह्यात.’’

‘‘कुणाला?’’

‘‘तुझ्या आईला. तुला येतंय की. हिरवं लुगडं काढ, तिला शोभायचं ते. हात असे दोन्हीकडं. टेकून बसलेली. निवांत.’’

मी कागद हातात घेतला. कडा पिवळ्या पडल्या होत्या, धुराची एक रेघ वरून खाली आली होती. पण खुर्ची तशीच होती, नुकती अंघोळ करून आल्यासारखी.

‘‘आबा, असं नंतर बसवता येत नाही.’’

‘‘का? खुर्ची तर झालीया. नुसतं वरनं माणूस काढायचं.’’

‘‘हा पाण्याचा रंग. पातळ असतो, खालचं झाकत नाही. आई काढली तरी तिच्यातनं खुर्चीच दिसत राहील.’’

‘‘मग आधी पांढरा फासायचा, आणि त्याच्यावर काढायचं. फटीत आम्ही लांबी भरतो तसं.’’

‘‘ह्यात पांढरा नसतोच, आबा. जिथं उजेड हवा, तिथं कागद कोरा सोडतात. माणूस बसायचं असलं तर त्याची जागा पहिल्यापासून राखायला लागते. एकदा तिथं दुसरा रंग गेला, की गेली ती.’’

आबांनी मान हलवली. गिऱ्हाईक माप सांगताना ते अशीच मान हलवायचे, सगळं ध्यानात घेत.

‘‘पहिल्यापासनं,’’ ते म्हणाले.

मग ते तिथंच खाली बसले. ज्या जागी ती बसायची तिथंच, पण भिंतीला टेकले नाहीत. चित्र त्यांच्या मांडीवर होतं. बसताना त्यांच्या गुडघ्यांचाही आवाज झाला. मला बघवेना. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि खुर्चीवरच्या हंड्याच्या काठाला हात घातला. हंड्यात तिनंच भरलेलं पाणी होतं, कुणी न ओतलेलं, तळाशी थोडं.

‘‘काय करतीयास?’’ बाहेरून आबांनी विचारलं.

‘‘हंडा खाली ठेवते. खुर्ची आणते तुम्हाला बसायला.’’

‘‘ऱ्हाऊ दे,’’ आबा म्हणाले. ‘‘तिनं ठेवलाय तो.’’